रेवाचा कान वाजतो

२ मे १९८९, धुळे

घरात पाय ठेवत नाही तोच रेवानं माझ्या पिशवीतला पावडरचा डबा पळवला आणि मोरीत नेऊन ओतला. दीपू टाळ्या वाजवतोय! ताई पलंगावरून नुसती हाका मारते. उठता येत नाही ना— उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. त्याच मोरीत घसरली होती. जून उजाडेपर्यंत पाय टेकवायचा नाही म्हणे.

म्हणून मी. एस.वाय.ची परीक्षा संपली, तर नानांनी दुसऱ्याच दिवशी फैजपूरहून एसटीत बसवून दिलं. म्हणाले, बहिणीची जुळी सांभाळ, संसाराचा तेवढाच सराव.

सराव! अडीच वर्षांची दोन भुतं. केसांत अजून पावडर आहे. माझ्याही.

३ मे

रेवाला ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही— ट्रकचा हॉर्न, घंगाळ पडलं, अक्कांचा ठसका, एवढं कळतं. बाकी जग तिच्यासाठी तोंडं हलवतं नुसतं. अक्का म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांचा ठसका मलाही मोरीपर्यंत ऐकू येतो.

दिवाळीनंतर मुंबईहून मशीन आणलंय. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. ताईनं त्याला फुलाफुलांची कापडी पिशवी शिवलीय, ती छातीवर. तिथून वायर, वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंडूक. बोंडूक सुटून छातीवर लोंबायला लागलं की मशीन शिट्टी मारतं— कुईंऽऽ! लांबलचक. रेवाला ती ऐकू येत नाही, आम्हाला येते. शिट्टी झाली की दीपू असेल तिथून धावत येतो आणि बोंडूक तिच्या कानात कोंबतो. कुणी शिकवलं नाही त्याला.

दोघांची भाषा वेगळीच. जिजाजी म्हणजे ओठावरून बोट— मिशी. अक्का म्हणजे दात घासल्यासारखं— मिसरी. मी काल आले आणि आज मला नाव पडलंसुद्धा. मानेमागून काहीतरी ओढायचं. माझी वेणी!

५ मे

आज दोघांना एकाच वेळी झोप लागली. मी कॅलेंडरवर फुली मारली.

८ मे, आखाजी

माहेरी जायचा सण आणि ताई पलंगावर. मग अक्कांनीच पलंग ओसरीत आणवला. ताईचा प्लॅस्टरचा पाय रस्त्याकडे करून ठेवला— जाणाऱ्या-येणाऱ्या बाया पायाची विचारपूस करून पुढे जातात. दीपूनं त्यावर गेरूनं रेघा मारल्यात. विचारलं तर म्हणतो, एसटी.

अक्कांनी खापरावर मांडे केले. वयाच्या मानानं काय हात फिरतो त्यांचा! मी एक करून पाहिला. त्याचा नकाशा झाला. रेवानं तोच खाल्ला, रसात बुडवून, कोपरापर्यंत.

दुपारी मागच्या लिंबाला झोका. पोरी गाणी म्हणत होत्या. मी रेवाला पुढ्यात घेऊन बसले, तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली, आणि मोठ्यानं गायला लागले. झोका वर गेला तशी ती एकदम गप्प झाली. मग मागे वळून तिनं माझ्या गळ्यावर तळवा ठेवला. मी थांबले की मला चापट! पुन्हा गायला लागले की खूश. घसा बसेपर्यंत गायले. बाकी कुणी माझं गाणं इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

१२ मे

तर असं आहे— माझं स्थळ बघणं चालू आहे आणि मला आज कळतंय!

नाना परस्पर चाळीसगावला जाऊन घर बघून आले, जिजाजींना घेऊन. मुलगा रेल्वेत, बुकिंगला. नाव हेमराज. वडील नाहीत. घरात आई आणि मुलगा, दोघंच. मामा जवळच राहतात. नाना खूश. जिजाजी सांगतात, घर एवढं शांत की घड्याळ ऐकू येत होतं. ताई म्हणाली, मग कुमुदला ते घर मानवायचं नाही.

पुढच्या रविवारी, एकवीसला, ते इकडे येणार.

मी काही विचार करायच्या आत दीपूनं नाकात शेंगदाणा घातला. तो काढण्यात संध्याकाळ गेली.

१५ मे

मशीन हरवलं!

सकाळी अंघोळीला काढलं, कोनाड्यात ठेवलं. अंघोळ झाली, कोनाडा रिकामा. ताईचा चेहरा पांढरा. गाद्या उलट्या केल्या, मोरीची जाळी काढली, शेजारच्या पुष्पाबाई त्यांची सून घेऊन शोधायला आल्या. जिजाजी ऑफिसातून अर्ध्या रजेवर. दीपूला विचारलं तर म्हणतो, "झोपलं."

कुठे झोपलं? सांगत नाही. बोट ओठावर— शूऽ!

शेवटी अक्कांनी सगळ्यांना ओरडून गप्प केलं. सगळे गप्प. आणि अगदी बारीक— कुईंऽऽ— गव्हाच्या कोठीतून! गव्हात गाडून वरून रेवाचं झबलं पांघरलेलं. सगळे एवढे हसलो की पुष्पाबाईंना उचकी लागली. रेवा सगळ्यांची तोंडं बघत होती, आणि मग आमच्यापेक्षा जोरात हसायला लागली. कशाला हसतोय ते कळलं नसेल. पण राहायचं कशाला मागे!

२० मे

नाना आले. कैऱ्यांची गोणी, माझ्यासाठी नवीन साडी. साडी अबोली. बरी आहे.

जेवताना नानांनी विषय काढला. पाहुणे येतील तेव्हा रेवाला पुढच्या खोलीत आणू नये. लोक लगेच विचारतात, घराण्यात आहे का, पोरीच्या पोरांना होईल का. एकदा ठरलं की मग कळू दे हळूहळू. नाना हे सगळं भाकरीकडे बघून बोलत होते. जिजाजींनी पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली ठेवला. प्यायले नाहीत.

मी ताईकडे बघितलं. तिनं भिंतीकडे तोंड केलेलं. मग म्हणाली, "एका तासाचा तर प्रश्न आहे. तिला काय कळणार आहे."

ठरलं. रेवा मागच्या खोलीत, अक्कांजवळ, कुल्फी देऊन. दीपूला तसंही कोंडता येणार नाही, त्याला पुढे नवीन शर्टात.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२१ मे, रविवार

नीट लिहिते.

तिघं आले. आई, मामा— तोताराम नाव— आणि हेमराज. उंच. बोलला नाही फारसं. पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होता आणि दीपू समोर उभा राहून हात पसरत होता, तर एकेक त्याच्या हातावर ठेवत होता. (मला धडकी, नाकाची!) त्याच्या आईनं विचारलं, शिकायचं आहे का पुढे. मी म्हटलं, हो. मामांनी विचारलं, मांडे येतात का. मी म्हटलं, नकाशे येतात. नानांनी डोळे मोठे केले, पण हेमराज हसला. खरंच हसला.

आणि तेवढ्यात— कुईंऽऽ!

बोंडूक सुटलं होतं. मशीन काढून ठेवा म्हटलं होतं ताईनं, पण रेवा काढू देत नव्हती. शिट्टी काही थांबेना. जिजाजी म्हणाले, कुकर आहे. मामा म्हणाले, कुकर अशी लांब शिट्टी मारत नाही. दीपू मात्र दाराकडे धावला, दार बंद, मग दारावर हात आपटत मोठ्यानं म्हणाला, "रेवाचा कान वाजतो!"

मुलाच्या आईनं विचारलं, रेवा कोण?

नाना, जिजाजी, पलंगावर ताई, सगळे जमिनीकडे बघताहेत. दीपू दार आपटतोय. त्याला कळत नव्हतं की आपण सगळे बसून का राहिलोय. मला तरी कुठे कळत होतं! मी उठले. पदर सावरायचाही राहिला. दार उघडलं. अक्कांच्या मांडीवर रेवा, हनुवटीवरून कुल्फी गळतेय. तिनं मला बघून मानेमागून वेणी ओढली— आलीस!

उचलून आणलं, मांडीवर बसवलं, बोंडूक कानात घातलं. शिट्टी थांबली.

"ही रेवा," मी म्हटलं. "दीपूची जुळी बहीण. हिला कमी ऐकू येतं."

नाना घाईनं म्हणाले, तापात गेलं हो, लहानपणी.

"नाही नाना. जन्मापासून."

मुलाच्या आईनं हातातला कप खाली ठेवला. चहा तसाच. तोंड असं झालं की मी बघू शकले नाही. म्हणाल्या, गाडी गाठायची आहे, निघतो. मामा अजून पोहे खात होते, ते तसेच उठले. हेमराज रेवाकडे बघत राहिला, मग त्यानंही चपला घातल्या. येतो म्हणाला नाही.

नाना रागावतील वाटलं होतं. ते टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. म्हणाले, "मी काय माझ्या पोरीचं वाईट करत होतो का?" त्यांच्या दोन पोरी तिथे होत्या. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मला रडू यायला लागलं.

अक्का मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, कालही नाही. त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मन्हा घरनी पोर शे, नाना. चोरीना माल शे का?" आणि रेवाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायला घेऊन गेल्या.

नाना संध्याकाळच्या गाडीनं फैजपूरला गेले. जाताना रेवाच्या डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याशी बोलले नाहीत.

ताई खूप रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. मग एकदम तीच म्हणाली, "कुकर!" आणि आम्हाला जे हसू फुटलं! प्लॅस्टर पलंगावर दणादण आपटतंय, जिजाजी बाहेरून विचारतात काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना. त्यांनाच बघून आणखी हसू.

२४ मे

चाळीसगावहून काही नाही.

दीपूनं आज "कुमुदमावशी" असं पूर्ण म्हटलं. रेवानं आरशासमोर बसून त्याच्यासारखे ओठ केले. आवाज आला नाही. मग आला— म्मा! म्मा! दिवसभर म्मा. भिंतीला, मांजराला, प्लॅस्टरला. ताईनं मला दहा वेळा विचारलं, तुला पण ऐकू आलं ना?

ऐकू आलं! गल्लीला ऐकू आलं.

२९ मे

काहीच नाही म्हणजे नकारच. जिजाजी म्हणतात, अशा वेळी लोक कळवत नाहीत, आपणच समजून घ्यायचं. समजून घेतलं.

मला वाईट वाटायला नको आहे. मी जे केलं ते पुन्हा करीन. पण तो हसला होता, हे इथे लिहून ठेवते. बाकी कुठे सांगणार? नाना माझ्याशी बोलत नाहीत, आणि ताईला सांगितलं तर ती सगळं स्वतःवर घेईल.

ऊन असं की कौलं तडतडतात. दोघांना घंगाळात बसवलं. मग मीही साडीसकट बसले. अक्का आल्या, बघितलं, कपाळावर हात मारला— आणि तांब्या भरून माझ्याच डोक्यावर ओतला!

२ जून

ताईचं प्लॅस्टर काढलं. गेरूची एसटी गेली म्हणून दीपूनं दवाखाना डोक्यावर घेतला. मला सोमवारी परत जायचंय. रेवाला हे कसं सांगायचं? जाण्याची खूण आहे, परत येण्याची अजून आम्ही केली नाही. आज केली. तीन वेळा चुकली, मग तिला कळली. कळली असं मला वाटतंय.

४ जून, रविवार

हेमराज आला. कळवलं नव्हतं. सोबत एक बाई, माझ्याहून मोठी, निळं पातळ. त्यानं उंबऱ्यातच सांगितलं, "ही माझी बहीण, सरला. हिला अजिबात ऐकू येत नाही. तुमचे नाना घर बघायला आले तेव्हा ही मागच्या खोलीत होती. कडी मी लावली होती. आई यायला तयार नाही, पण मला हिला तुम्हाला दाखवायचं होतं. आता काय ते ठरवा."

सरलाताई खाली फरशीवर बसली आणि रेवाशी हातांनी बोलायला लागली— भराभर, आमच्यातल्या कुणालाच कळेना, दीपूलाही नाही. रेवानं तिचा हात धरून उलटसुलट करून पाहिला. मग स्वतःचा हात तसाच वर केला.

दिवेलागणीला ताई विचारते, चाळीसगावला काय कळवायचं?

कळवायचं काही नाही. आज निघताना तो चपला घालत होता तेव्हाच मी त्याला सांगून टाकलं. हो.