एका 'आहे'ची दुरुस्ती

मंगळवार, संध्याकाळचे सात

आज निबंध तपासताना भलतंच करून बसले. मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते, त्या वर्गातल्या कविताने सार्वभौमत्वावर लिहिलं होतं. ती कन्नड तालुक्यातल्या डोंगरातली, भिल्ल समाजाची. तिचं वाक्य होतं, 'आमच्या डोंगरावर आमची सत्ता आहे.' मी लाल पेनाने 'आहे' खोडून 'होती' केलं. व्याकरण सुधारतेय, असं वाटलं. खरंच व्याकरणच?

वर्गात निबंध परत दिले. तास सुटल्यावर ती कागद घेऊन आली. "मॅडम, आमचे पंच अजून बसतात. तिथं झाड तोडायचं तर त्यांना विचारावं लागतं. तुम्ही तर एका रेघेत संपवलंच की आम्हाला!" हसत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. सार्वभौम सत्ता फक्त राष्ट्राची, ही पुस्तकातली व्याख्या मी सांगू लागले. "मग उद्या वर्गाच्या चर्चासत्रात माझा निबंध तुम्हीच वाचा," म्हणाली, आणि निबंध टेबलावर ठेवून गेली.

वीस वर्षं ती व्याख्या शिकवतेय. ती करताना कविताच्या माणसांना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो लाल 'होती' समोरच आहे. व्हाइटनर काढला, परत ठेवला. त्याने फक्त माझी चूक झाकली जाईल. उद्या सगळ्यांसमोर ती खोडलेली ओळ दाखवून निबंध वाचायला तिच्याच हातात देईन.

तिने घेतलाच नाही तर?