लढाईची चाल आणि बारा सेकंद

मी, राजाराम धोंडिबा सरतापे, वय वर्षे सदुसष्ट, धर्म बौद्ध, पलटणीच्या बँडातला निवृत्त हवालदार, सध्या धंदा ब्रास बँड, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गाठ फुप्फुसात आहे आणि लिहायला फुप्फुस लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. जो होता तो अडीच वर्षांपूर्वी होता, आणि त्याला मी कसा बळी पडलो ते पुढे येईलच.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक माझे पलटणीतले मित्र, निवृत्त सुभेदार लालासाहेब जाधव. दुसरी सही मी श्रीमती पूजा शंभूराज निकम यांच्याकडे मागितली आहे. त्यांचे पती शंभूराज माझ्या बँडासमोर कोयत्याने मारले गेले. बाईंनी मला घरात घेतले नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आवं मास्तर, मला तुमचं काय बी नको. तुमी जे बघितलं ते लिवा. समदं लिवा. वाचून खरं वाटलं तर सही करती, न्हाई तर फाडून टाकती." म्हणून हा कागद पहिल्यांदा त्यांनी वाचायचा आहे. दुसऱ्या कोणाची सही घेऊन कागद कायद्याने चालेल, वकिलांनी तसे सांगितलेही, पण त्यांची सही नसेल तर माझ्या लेखी तो कोराच. त्यांना मी यात काहीही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराने वाटा घेऊ नये, आणि ठेवले असते तर त्यांनी तोंडावर फेकले असते.

कलम १. कोरेगावातले दोन खोल्यांचे घर, त्यामागची तालमीची पत्र्याची शेड आणि बँकेत असेल ते, सगळे माझी मुलगी स्वप्ना हिचे. ती कुपवाडला कास्टिंगच्या कारखान्यात तपासणीचे काम करते आणि लोखंडातली भेग नुसत्या टिचकीच्या आवाजाने ओळखते. कान तिने माझा घेतला आहे, स्वभाव आईचा घेतला हे नशीब. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पुतण्या प्रशांत याला काही नाही. तो डीजे चालवतो. माझी बायको मुक्ताबाई शेवटच्या आजारात पडून होती तेव्हा त्याने आवाज वाढवून गाडी मुद्दाम दारावरून नेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पिकअपची काच फुटली. ती मीच दगडाने फोडली, आणि पुढची काच फोडायची राहून गेली याचे वाईट वाटते.

कलम २. वाद्ये. ट्रम्पेट माझ्या बँडातल्या शिवतेजला. युफोनियम, म्हणजे ते जाड सुराचे मोठे पितळी वाद्य, तेही त्यानेच ठेवावे. त्या वाद्याच्या तोंडाला जो पोचा आहे तो काढू नये. एका वरातीत एक दारुडा आमच्या क्लॅरिनेटवाल्याचा गळा दाबत होता, तेव्हा मी ते त्याच्या टाळक्यात घातले. त्याला नऊ टाके पडले आणि युफोनियमचा खालचा सूर थोडा बसका झाला. मोठ्या ढोलाला ठिगळ आहे, तिथे एका नवरदेवाच्या मामाने तलवार घातली होती. माझा वरचा ओठ दोनदा फाटला आहे, एकदा दगडाने आणि एकदा कोणाच्या तरी अंगठीच्या बुक्कीने. वरातीत मार न खाल्लेला बँडवाला मला भेटलेला नाही. लोक म्हणतात आम्ही आनंद वाजवतो. मी वीस वर्षांत जितकी फुटलेली डोकी पाहिली तितकी पलटणीत पाहिली नाहीत.

साइड ड्रम जोतिबाला. का, ते कलम पाचमध्ये आहे.

कलम ३. माझा धंद्यातला उपाय. हीसुद्धा मालमत्ताच आहे, म्हणून लिहून देतो, ज्याला हवा त्याने घ्यावा. वरातीत हाणामारी सुरू झाली की बँड बंद करू नये. बंद केला की शिव्या स्पष्ट ऐकू येतात आणि भांडण पेटते. चालू चालीतून सरळ आरतीवर जावे. मी बौद्ध माणूस, आरतीला हात जोडत नाही, पण ती लागली की बाकीच्यांचे हात आपोआप जुळतात, आणि दोन्ही हात जुळले की हातात काही राहत नाही. मी डावी मूठ वर केली की माझी माणसे दोन ठोक्यांत आरती धरतात. या उपायाने मी सात मारामाऱ्या मोडल्या आहेत.

कलम ४. मुक्ताबाई गेल्यावर मी हिवाळाभर कुपवाडला स्वप्नाकडे राहिलो. ती कामावरून आली की टीव्हीला यंत्र जोडून एक जपानी खेळ खेळायची. पाच-सहा माणसे गावोगाव फिरतात, कोणी तलवारवाला, कोणी वैद्य, वाटेत राक्षस भेटतात, त्यांना मारत पुढे जायचे. खेळाचे नाव मला उच्चारता येत नाही. पहिले चार दिवस मी पेपर वाचत तिला टोमणे मारले. पाचव्या दिवशी तिने आपला गडी एका गावात विहिरीजवळ उभा ठेवला आणि चहा टाकायला गेली. गडी नुसता उभा, पण गावाची चाल वाजत राहिली. मी पेपर खाली ठेवला. चाल फिरून पहिल्या जागी कुठे येते ते पकडायला बसलो आणि चहा गार झाला तरी मला सांधा सापडला नाही.

"ह्ये सुरू कुठनं हुतंय गं?" मी विचारले.

"शोधा की. पलटणीत काय केलं मग?" ती म्हणाली.

हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून सांगतो. सिनेमाच्या गाण्याला शेवट असतो. या खेळातल्या चालीला नसतो, कारण खेळणारा विहिरीजवळ एक मिनिट उभा राहील की तासभर, हे चाल बांधणाऱ्याला ठाऊक नसते. पलटणीत साहेब रांगा तपासत फिरतात तोवर आम्ही अशीच संथ चाल फिरवत राहायचो. वरातीतही तेच, मंडळी थकेपर्यंत वाजवायचे. किती वेळ वाजवायचे ते आपल्या हातात नाही, हे दुःख मी चाळीस वर्षे भोगले होते, आणि समुद्रापलीकडच्या कोणा माणसाने त्याचीच कला केली होती. मला रडू आले. स्वप्नाने पाहिले नाही.

मग लढाईची चाल ऐकली. राक्षस समोर आला की ती लागते. वेगाची, ट्रम्पेटवर चढणारी. शेवटच्या आठ बारांत, म्हणजे बत्तीस ठोक्यांत, ट्रम्पेट खाली उतरतो, युफोनियमसारखे एक जाड वाद्य चढत जाते, आणि त्या चढणीत गावातली विहिरीजवळची चाल दुप्पट वेगाने लपवलेली आहे. लढणाऱ्याला घर आठवावे तशी. ते संपते तिथेच पुन्हा सुरुवात होते आणि सांधा दिसत नाही. राक्षस मेला की चाल तुटते, म्हणून मी स्वप्नाला सांगायचो, "मारू नको आत्ताच त्याला. आठ बार हुंदे." ती हसायची आणि माझ्यासाठी दोन-दोन मिनिटे मार खात उभी राहायची. ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते.

कलम ५. ती चाल मी बावीस माणसांसाठी पानांवर उतरवून काढली आणि शेडमध्ये तीन महिने तालीम घेतली. सांधा काही बसेना. जोतिबा प्रत्येक वेळी अर्धा ठोका आधी यायचा. एके दिवशी मी त्याच्याच काठीने त्याच्या बोटांवर मारले आणि मधल्या बोटाचे हाड मोडले. तो रडला नाही, म्हणाला, "मास्तर, पुन्यांदा घ्या." पट्टी बांधून त्याने पुन्हा वाजवले. साइड ड्रम त्याचा. बोट मी परत देऊ शकत नाही.

कलम ६. आता पूजाबाई, इथून पुढे तुमच्यासाठी.

मे २०२३, तुमच्या दिराची वरात, सायंकाळचे सहा. तुम्ही घरी उंबऱ्यावर माप ठेवून नव्या जावेची वाट पाहत होता. आम्ही देवळाजवळच्या वळणावर होतो आणि मी पहिल्यांदाच लोकांत ती चाल धरली होती. शंभूराज माझ्याकडे तोंड करून नाचत होते. हातात फक्त रुमाल होता. तलवार नव्हती, काठी नव्हती, पलीकडचा वकील काहीही म्हणो. चाल त्यांना आवडली. मला ओरडून म्हणाले, "मास्तर, ह्येच वाजवा, थांबू नगा." हे मी सबब म्हणून लिहीत नाही. ते शेवटचे बोलले म्हणून लिहितो, तुम्हाला ठाऊक असावे.

त्यांचा चुलतभाऊ जयराज उसाच्या ट्रॉलीमागून आला. हातात तोडीचा कोयता होता. तो मी पाहिला. ट्रम्पेट उतरत होता आणि आठ बार सुरू होत होते. त्याने पाठीमागून उजव्या खांद्यावर पहिला वार केला. हाड वाजलेले मला बँडातून ऐकू आले. शंभूराज वळले, रुमाल पुढे धरला, जसा काही त्याने वार अडणार होता. माझी डावी मूठ छातीपर्यंत आली होती. ती वर न्यायची होती, तेवढेच. मी नेली नाही. युफोनियम चढत होते, जोतिबा मोडक्या बोटाने पहिल्यांदाच बरोबर ठोक्यावर होता, आणि मी मनात म्हणालो, एवढा सांधा होऊ दे. दुसरा वार मानेवर बसला. तिसरा ते पडल्यावर. रक्त साइड ड्रमच्या पांढऱ्या कातड्यावर उडाले आणि जोतिबा डोळे मिटून वाजवत राहिला, कारण मी खूण केली नव्हती.

सांधा बसला. कुठे बसला ते मलाही कळले नाही इतका सफाईने. आणि त्या क्षणी मला आनंद झाला. हे लिहायला मला अडीच वर्षे लागली, पण तुम्ही सगळे लिहा म्हणालात. आनंद झाला होता.

मग मी मूठ वर केली. आरती लागली. सगळ्यांनी हात जोडले. जयराजने कोयता खाली ठेवला आणि त्यानेही जोडले. म्हणजे उपाय त्याच्यावरही चालला असता. मी नंतर घड्याळ लावून मोजले, आठ बारांना बारा सेकंद लागतात. पहिल्या वाराने तुमचा माणूस मेला नसता, असे डॉक्टरांनी कोर्टात सांगितले आहे.

कलम ७. दोन दिवसांनी जयराजचे वडील शेडवर आले. सोबत चार माणसे होती. एकाने टेकवलेला ढोल पायाने उलथा केला. वडील शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी वाजवायला आलावता, बघायला न्हाई." मी घाबरलो, हे खरे. पण त्याहून खरे असे की ते वाक्य मला सोयीचे वाटले. मी पोलिसांना सांगितले की माझी नजर कागदावर होती, काही दिसले नाही. भावकीतले कोणी बोलले नाही, वाजंत्रीही बोलला नाही, आणि जयराज जामिनावर गावात हिंडतो, तुमच्या दारावरून जातो. ते खोटे मी इथे मोडतो. येत्या सोमवारी न्यायाधीशांसमोर उभा राहून हेच सांगणार आहे. तोवर टिकलो नाही तर हा कागद स्वप्नाने कोर्टात द्यावा. जयराजच्या वडिलांनी पुन्हा यावे. आता मला मारून त्यांच्या हाती फारसे लागणार नाही.

कलम ८. स्वप्ना, तू तेव्हापासून ते यंत्र कपाटात टाकले आहेस. तू समजतेस की चाल तू दिलीस म्हणून हे झाले. पोरी, चालीने कोणाला मारले नाही, आणि तुझ्या खेळातल्या राक्षसाला घरी कोणी वाट पाहणारे नव्हते. फरक मला कळायला हवा होता, माझे वय पासष्टीला आले होते. यंत्र बाहेर काढ. विहिरीजवळ गडी उभा कर आणि चहा कर.

लढाईच्या चालीचे बावीस माणसांचे कागद, शिवाय माझे मूळ पान, ज्यावर रक्ताचे डाग आहेत, हे सगळे माझ्या चितेत घालावे. ती चाल माझ्या बँडाने पुन्हा वाजवू नये.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. वर लिहिले ते वाचून पाहिले, दोन ठिकाणी हात थांबला, पण खोडले काही नाही.

ठिकाण: कोरेगाव
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

राजाराम धोंडिबा सरतापे
(लिहून ठेवणार)

साक्षीदार १: लालासाहेब जाधव, निवृत्त सुभेदार. राजारामने माझ्यासमोर सही केली. आजारात केली, पण भीतीने नव्हे.

साक्षीदार २: त्यांनी माझ्यासमोर सही केली. सगळे वाचले, दोनदा वाचले. खरे वाटले म्हणून सही करते. माफ केलेले नाही. कलम आठमधले कागद जाळू नका. आमचे हे थांबू नका म्हणाले ते काय होते, मला एकदा ऐकायचे आहे.
पूजा शंभूराज निकम