पहिल्या पंगतीची खुर्ची

३ नोव्हें. ९७, बारामती
सकाळी दळण आणलं. कपडे धुतले. साडेअकराला समोरच्या एसटीडीवाल्याने हाक मारली, विलासचा फोन. घरच्यांसाठीचा पास निघाला. तो वेटर आहे त्याच जहाजावर सहा दिवस, सिंगापूरपासून. अर्ज गेल्या वर्षी दोघांचा भरला होता. हिचं नाव काढायचं राहून गेलं. "असू द्या आबा, तुमी एकटं या." हो म्हणालो. ही जाऊन नऊ महिने होतील. विलासला आईचं तोंड बघायला मिळालं नाही, जहाज भर समुद्रात होतं.

७ नोव्हें., इंदापूर
भावाकडे सांगायला आलो. भावजय कांता म्हणाली, "भाऊजी, बोटीवर काय बी असू द्या, घास चुकवू नगा. वर्ष व्हायचंय." जेवणाआधी हिच्या नावाने घास काढून ठेवतो, मग गाईला घालतो. भाऊ म्हणाला, "तितं गाय कुठली आणायची त्येनं?" कांता म्हणाली, "मासं हायती की ढिगानं." तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१६ नोव्हें., जहाज
काय लिहू. कारखाना, चिमणी, गोडाऊन, कामगारांची कॉलनी, सगळं उचलून पाण्यात सोडलं तर असं दिसेल. आत लिफ्ट आहे. झाडं आहेत.
दुपारी वरच्या हॉलमध्ये जेवायला गेलो. एकही खुर्ची रिकामी नाही. आपल्याकडे लग्नात उभं राहतात तसा एका गोऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तो उठला की बसायचं. अंगात नवा पांढरा शर्ट, काळी पँट. त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, घाईघाईने खाल्लं आणि उष्टी ताटली माझ्या हातात देऊन थँक्यू म्हणाला. मी ताटली धरून उभा. विलास लांबून पळत आला. "आबा, आमच्या पोटावर पाय देता व्हय?" हसू दाबून लाल झाला होता.

१६ रात्री
मोठी जेवणाची खोली खाली आहे. खोली कसली, सभागृह. संध्याकाळी दोन पंगती, सव्वासहाची आणि साडेआठची. ज्याचं त्याचं टेबल ठरलेलं. मी पहिल्या पंगतीत, टेबल ४७.
बत्तीस वर्षं टाइमकीपर होतो. पाळी बदलताना भोंगा, आरडाओरडा, तरी पंधरा मिनिटं जायचीच. इथे ६:१५ ला दारं उघडली. पाचशे माणसं असतील. ६:२३ ला शेवटचा माणूस बसला. घड्याळ लावून पाहिलं. भोंगा नाही, कुणाचा आवाज नाही. वेटर भिंतीशी उभे, एकाचं बोटसुद्धा हलत नव्हतं.
माझ्या शेजारची खुर्ची हिची. पुढे छापील कार्ड, हिचं पूर्ण नाव. लग्नपत्रिकेनंतर हिचं नाव छापलेलं आजच पाहिलं.

१७ नोव्हें.
आमच्या टेबलाचा वेटर रामोन, फिलिपिन्सचा. पाव आला. तुकडा मोडून हिच्या ताटलीत ठेवला, हात जोडले. टेबलावरचे बाकीचे बघू लागले. रामोन विलासकडे जाऊन काही विचारून आला. मग सूप आलं ते आधी हिच्यापुढे, नंतर मला. मासा आला तोही आधी हिला. शेवटचं आइस्क्रीमसुद्धा. आमचं होईपर्यंत हिचं काही उचललं नाही.
विलास नंतर म्हणाला, "त्येंच्या घरी बी गेलेल्याचं ताट मांडतात."
एकतीस वर्षं मी जेवून उठलो की ही चुलीपाशी बसायची. तोवर मी बाहेर ओट्यावर. काय खायची, किती खायची, पाहिलेलं नाही. आज पाच पदार्थ, आणि प्रत्येक वेळी हिचा पहिला मान. डोळे भरून आले. खाली मान घालून खाल्लं.

१८ नोव्हें.
दाराशी रोज एक चिनी म्हातारी उभी असते. विलास म्हणाला, टॅन बाई, मलेशियातल्या पेनांगची, एकटी आली आहे. तिला दुसरी पंगत मिळाली आहे. साखरेचा आजार, सहाला इंजेक्शन घेते, मग लगेच जेवावं लागतं. वरचा हॉल संध्याकाळी बंद. पहिल्या पंगतीत कुणी गळलं तर जागा मिळेल म्हणून थांबते. पर्समधून बिस्किट काढून खाते, कुणी बघत नाही असं बघून.
मुख्य वेटर ग्रीक आहे, दारासारखा रुंद. माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, ही खुर्ची देता येईल का. मी नो म्हणालो. त्याने मान झुकवली आणि गेला. एवढा मोठा माणूस, कपाळावर आठी नाही.

१९ नोव्हें.
आज विलासने रामोनशी टेबलांची अदलाबदल केली. एकाच संध्याकाळपुरती. पांढरे हातमोजे, कोट, केस चापून. मी त्याला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. चार ताटल्या एका हातावर घेऊन आला. जहाज हलत होतं, तो हलत नव्हता. आईच्या खुर्चीपाशी थांबला, कंबरेत वाकला आणि ताटली ठेवली. किंचित आवाजही नाही. ओठ हलले. काय म्हणाला कळलं नाही.
नंतर डेकवर भेटला. वारा फार.
"टॅन बाईंना आज चक्कर आली, आबा. दाराशीच बसल्या."
"तुझं काय म्हणणं?"
"मी कोण सांगणार? तुमचं तुमी बघा."
मग कठड्याला टेकून म्हणाला, "आईचं ताट मागं नेऊन टाकावं लागतं. दोन दिस रामोननं टाकलं, आज मी. गरम असतं अजून."

२० नोव्हें.
५:५० लाच दाराशी गेलो. टॅन बाई होत्या. इंग्रजी जमेना. खुर्चीची खूण केली, जेवायची खूण केली. ग्रीकाला समजलं. हिचं कार्ड मी उचलून खिशात ठेवलं आणि त्या बसल्या.
घास मी कागदी रुमालात काढून ठेवला. नंतर समुद्रात सोडला.
जेवणाऱ्या बाईकडे असं सगळं जेवण होईपर्यंत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी सुपाचा आधी वास घेतला. पावाला लोणी कडेपर्यंत लावलं. माशाचा काटा चोखून काढला, बोटं पुसली, रामोनला आणखी आण म्हणाल्या आणि आणलेलंही संपवलं. मधे डोळे मिटून नुसतं चावत राहिल्या. एवढी चव असते होय जेवणात. माझ्याकडे बघून हसल्या, टोपलीतला पाव माझ्यापुढे केला. ६:४० झाले होते, माझं सूप तसंच.

२७ नोव्हें. रात्री, बारामती
परवा पोचलो. आज इंदापूरला जाऊन भावाकडे सगळं सांगितलं. ताटलीच्या किश्श्याला भाऊ लोळून हसला. खुर्चीचं सांगितल्यावर कांता चिडली.
"वर्ष सरंना तवर परकी बाई बसवली व्हय वैनीच्या जागंवर?"
भाऊ म्हणाला, "अगं, भुकेलं माणूस व्हतं त्ये."
"मग ह्येंनी उठायचं व्हतं की! सोताची खुर्ची द्यायची."
गाडीत बसल्यावरही तेच डोक्यात. त्या सहा दिवसांत हे एकदाही मनात आलं नाही.

३० जाने. ९८, बारामती
वर्षश्राद्धाचं ठरवायला कांता आली. पानात काय काय करायचं ते विचारलं.
मी म्हणालो, "पुरणपोळी, कटाची आमटी, अळूच्या वड्या."
"ह्ये तुमच्या आवडीचं झालं, भाऊजी."
"मग हिच्या?"
कांता म्हणाली, "आमी मागनं संगं बसायचो तवा उरलं आसंल त्ये घ्यायची. करपलेली भाकर आपल्याकडं वढायची, येवढं म्हायतीय."
"करपलेली आवडायची?"
"आता त्ये कसं सांगू मी?"
दुपारी विलासचा फोन आला तेव्हा त्यालाही विचारलं. "न्हाय सांगता येत, आबा." फोन परदेशचा, म्हणून ठेवला.
श्राद्ध अकरा दिवसांवर आलं. हिचं माहेर फलटणकडे, तिथे एक म्हातारी मावशी आहे म्हणतात, कानांनी अधू. जाऊन यावं का. तिला तरी आठवत असेल का…
कांताला साडेचारच्या इंदापूर गाडीत बसवून दिलं. फलटणची पहिली गाडी किती वाजता ते विचारून घेतलं. घरी आलो. पाच वाजता नळ आला. दोन पिंपं भरून घेतली आणि त्यांच्या तोंडाला फडकी बांधली.