पालकांनी जागा सोडू नये

८ ऑगस्ट

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र टोचतं म्हणून तू ते बटणांच्या डब्यात टाकून दिलंस, हे वाचून हसावं की रडावं कळेना. सूतगिरणीने तुझे कान नेले, हट्ट तेवढा जागच्या जागी ठेवला. असू दे. फोनवर बोंबलण्यापेक्षा मला पत्रच बरं. निदान माझं बोलणं मधेच तोडत तरी नाहीस.

बातमी अशी की भिंगरीचा गट समूहनृत्याच्या अंतिम फेरीत पोचला! आणि नाचाच्या बाईंनी मला पालकप्रमुख नेमलंय. दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या माणसांना मी नंबर येईपर्यंत गप्प बसवते, ती विद्या आईबापांना आवरायला उपयोगी पडेल म्हणाल्या. नियम कडक आहेत. तालमीच्या खोलीत पालकांनी पाऊल टाकायचं नाही, दाराच्या काचेतून डोकवायचंही नाही. परीक्षकांशी बोलायचं नाही. नाच चालू असताना मुलींना हाक मारायची नाही आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही. एका घराने, किंवा घराच्या ओळखीतल्या कोणीही, नियम मोडला तरी अख्खा गट बाद.

गेल्या वर्षी तेच झालं ना. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची मुलगी याच गटात होती, भिंगरीची जिवाची मैत्रीण. रंगमंचामागे ती घाबरून रडायला लागली, तर हा गडी सरळ आत घुसला आणि तिला पोटाशी धरून बसला. गट बाद झाला, मुलींचं वर्ष वाया गेलं. बाईंनी त्या पोरीला काढलं, आणि काढलं तेच बरं केलंत असं मीही बाईंना सांगितलं. तेव्हापासून मी चाकात हवा दुसरीकडे भरते.

भिंगरी सुट्टीत चार दिवस तुझ्याकडे येतेय. गुडघा दुखतो म्हणते, वाढत्या वयाचं असेल. तुझ्या हातचं चापून खाऊ घालू नकोस, तिला खांद्यावर उचलायचं असतं.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी,
ठमी

२५ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पालकप्रमुखबाई, तुमचं पत्र पावलं. लहानपणी अंगणात खेळताना तुझ्यावर राज्य आलं की तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस. आता तुझ्या हाती राज्य आलंय, देव त्या आईबापांना सांभाळो.

भिंगरी काल परत गेली. गोड पोर आहे. माझ्याशी बोलताना समोर येऊन, ओठ सावकाश हलवून बोलते. कोणी शिकवलं नाही तिला. पण एक सांगते, रागावू नकोस. माझा जिना तुला माहीत आहे, बाहेरून लोखंडी, उभा. मी खिडकीत नाही असं बघून ती पोरगी पायरीवर बसायची आणि बसत बसत, एकेक पायरी सरकत खाली जायची. मी दाराच्या फटीतून पाहिलं. हे वाढत्या वयाचं दुखणं नव्हे. डॉक्टरला दाखव.

त्या सायकलवाल्याचं मला काही उमगलं नाही. पोर रडत होतं, बाप आत गेला. मग बापाने काय करायला हवं होतं?

खुशाली कळव, वाट बघते.
अक्का

९ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाखवलं डॉक्टरला, झालं समाधान? गुडघ्यातला स्नायुबंध ताणलाय आणि थोडा फाटलाय म्हणतात. उड्या बंद, निदान तीन महिने. आता तूच सांग, स्पर्धा या महिन्याच्या शेवटी. बाईंना सांगितलं तर त्या त्याच दिवशी राखीव मुलीला उभं करतील. तिची आई दारात टपूनच बसलेली असते, मला बघून गोड हसते. आणि भिंगरीची जागा मधली आहे. सगळ्यांत शेवटी तिला खांद्यावर चढवतात आणि ती वरून झेप घेते. नऊ वर्षांची असल्यापासून ती या जागेसाठी घाम गाळतेय.

मी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, बरं का. सरळ विचारलं. ती म्हणाली, तू म्हणशील तसं. मग अंगाच्या रंगाची पट्टी आणली आहे, पोशाखाखाली दिसत नाही. स्पर्धा झाली की तीन काय, सहा महिने बसू दे.

यांचा ट्रक या वेळी पार दुसऱ्या टोकाला गेलाय. फोनवर म्हणाले, तुला कळतं त्यातलं. सगळ्यांनी माझ्यावरच टाकायचं आणि वर तू जिन्याच्या गोष्टी सांगायच्या.

राग मानू नकोस. तुझ्याशिवाय मला कोण आहे भांडायला?
ठमी

२ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. गटाला दुसरा क्रमांक मिळाला. शेवटी शेवटी भिंगरीच्या पायाला लागलं, म्हणून ती इस्पितळात आहे. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर चांगले आहेत. मधे कोणी एक माणूस रंगमंचावर चढला आणि थोडा गोंधळ झाला, पण लगेच आवरला. तू येऊ नकोस, धावपळ सोसायची नाही तुला. सवडीने सविस्तर लिहीन.

ठमी

६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी पडल्या पडल्या लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आहे. परिचारिकाताईंनी पाकीट आणून दिलं. आईला माहीत नाही.

मावशी, मी खांद्यावरून झेप घेतली आणि खाली आले तेव्हा गुडघ्यात कट्कन आवाज झाला. मला उठताच येईना. गाणं चालूच राहिलं. कोणी पडलं तरी थांबायचं नाही असं शिकवलेलं आहे, म्हणून बाकीच्या मुली माझ्या बाजूने नाचत होत्या. एकीचा पाय माझ्या हातावर पडला, ती नाचता नाचता रडत होती. मी आईकडे बघितलं. ती तिसऱ्या रांगेत होती. गटातल्या एका मुलीची आई शेजारून उठायला लागली होती, तर आईने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. आई माझ्याकडेच बघत होती.

मग सायकलवाले काका आले. ते आणि त्यांची मुलगी तिकीट काढून मागे बसले होते, मला बघायला. ते बाजूच्या पायऱ्यांनी वर चढले आणि त्यांनी मला उचललं. पायाकडे बघू नकोस, माझ्या सदऱ्याला घट्ट धर म्हणाले. पडद्यामागे आल्यावर दोन रखवालदारांनी त्यांना अडवलं. काकांनी आधी मला हळूच खाली ठेवलं. मग आयोजक आईला घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, हा तुमच्या गटाच्या पालकांपैकी आहे का, तुम्ही याला ओळखता का? आई म्हणाली, नाही, मी याला कधी पाहिलेलं नाही.

मग रखवालदारांना वाटलं, कुठला तरी परका माणूस मुलीला उचलून नेत होता. त्यांनी काकांना मारलं, मावशी. मी ओरडून सांगत होते, पण सगळेच ओरडत होते. नंतर पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले.

आई रोज येते, संत्री सोलून देते. मी खाते. हे मी कोणाला सांगायचं?

तुझी,
भिंगरी

१० ऑक्टोबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पोरीचं पत्र आलं. तिच्यावर चिडलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तू बसून राहिलीस, ते मला कळत नाही, पण सोडून देते. माणूस थिजतं कधी कधी. गिरणीत एका बाईचा हात पट्ट्यात सापडला तेव्हा आम्ही दहाजणी नुसत्या बघत उभ्या होतो. पण तोंड उघडून नाही म्हणालीस, ते थिजणं नव्हे. तुझी पोर उचलली म्हणून त्या माणसाने मार खाल्ला आणि त्याची गल्ली आता त्याला काय म्हणत असेल, याचा विचार तरी केलास का?

मला उत्तर नंतर लिही. आधी पोलीस चौकीत जा, मग आयोजकांकडे, मग त्याच्या दारात. याच क्रमाने.

अक्का

२४ ऑक्टोबर

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

गेले. तिन्ही ठिकाणी गेले.

आधी त्या दिवसाचं सांगते. ती पडली तेव्हा मला वाटलं, उठेल. तालमीत पडायची आणि उठायची. मग वाटलं, गाणं संपतच आलंय. मग शेजारची उठायला लागली आणि माझा हात आपोआप तिच्या मनगटावर गेला. अक्का, मला माझ्या मुलीचा चेहरा दिसत होता, आणि तरी मी दुसरीला बसवत होते. पडद्यामागे आयोजकांनी विचारलं तेव्हा समोर बाकीच्या मुली उभ्या होत्या, घामाघूम, माझ्या तोंडाकडे बघत. ओळखते म्हटलं असतं तर पुन्हा गट बाद, पुन्हा त्याच माणसापायी. नाही म्हणायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. मग पहिला फटका बसला आणि मी एक पाऊल मागे सरकले.

चौकीतल्या हवालदाराने माझं म्हणणं लिहून घेतलं आणि विचारलं, बाई, इतके दिवस कुठे होता? त्याला दुसऱ्याच दिवशी सोडलं होतं, बायको रडत आली म्हणून. पण वस्तीत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोरं सायकली घेऊन त्याच्याकडे जात नाहीत, आया जाऊ देत नाहीत. त्याच्या मुलीला शाळेत काय काय ऐकावं लागतं, ते लिहवत नाही.

आयोजकांनी दुसरा क्रमांक काढून घेतला. बाईंनी मला दारातच सांगितलं, तुमच्या घराचं कोणी आता इथे नको. ज्या आया मला पालकप्रमुख म्हणून मान द्यायच्या, त्या रस्ता ओलांडून पलीकडे जातात. ते मी सोसेन. पण मुलीही भिंगरीला भेटायला यायच्या बंद झाल्या. खरं बोलले, तर उरलंसुरलं तेही गेलं. भिंगरीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, आता का?

सायकलवाल्याच्या दारात उभी राहिले. त्याचा एक डोळा अजून लाल आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हातातलं चाक खाली न ठेवता. मग मुलीचा पाय कसा आहे विचारलं. मी सांगितलं, चालेल, नाचता येणार नाही. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

भिंगरीला इस्पितळातून घरी आणलंय. काल ती न्हाणीघरात घसरून पडली. मी शेजारच्याच खोलीत कपडे घडी करत होते. बराच वेळ झाला म्हणून दार ढकललं, तर ही ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेली. हाक का मारली नाहीस म्हटलं. म्हणाली, तू येशील की नाही ते माहीत नव्हतं.

तिला तुझ्याकडे यायचंय. हे परवा ट्रक घेऊन परतणार आहेत, तेच आणून सोडतील. मी येत नाही. तिने तसं सांगितलंय.

मला आशीर्वाद लिहू नकोस हवं तर. पण लिही.
ठमी

१५ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. ते माझे आहेत, कोणाला द्यायचे ते मी बघेन.

तुझ्या नवऱ्याने पोरीला पाठीवर घेऊन जिना चढवला. वर आल्यावर बराच वेळ खुर्चीत बसून होता, बूट न काढता. तुला कळतं त्यातलं असं मीच म्हणालो होतो, हे त्याने माझ्या समोर बसून, मला ओठ दिसतील असं, दोनदा सांगितलं.

पोर जेवते. रोज मी तिला दवाखान्यात व्यायामाला नेते, तिथे ती दात आवळून पाय वाकवते. नाच संपला हे तिला माहीत आहे, कोणी गोड करून सांगायची गरज नाही. सायकलवाल्याच्या मुलीला तिने तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. आता चौथं लिहायला घेतलंय.

रात्री मात्र झोपेत दचकते. कुशीत घेते मी.

आई रविवारी आली तर चालेल का, असं तिला विचारलं. पहिल्यांदा मान हलवून नाही म्हणाली. आठवडाभर तो विषय नाही. काल उशांना अभ्रे घालता घालता आपणहून समोर आली आणि विचारलं, सकाळची पहिली गाडी किती वाजता येते. मी सांगितलं. बरं म्हणाली आणि अभ्रा घालत बसली. याचा अर्थ मी तुला लावून देणार नाही, मलाही लागलेला नाही.

रविवारी ये. खाऊ, नवे कपडे, काही आणू नकोस. ती तुझ्याशी बोलेल असं समजू नकोस. नाही बोलली तर माझ्याजवळ बस, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. दारातूनच परत पाठवलं तर जिन्यावर रडत बसू नकोस, घरी जा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा ये.

माझा जीव तुम्हा दोघींत सारखाच अडकलेला आहे, हे जाणून असावं.
अक्का