काकांचं बोट

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या भोईवाड्यातल्या विहाराची अभ्यासिका कांबळेकाका सांभाळतात. तिथल्या जागांचं बुकिंग मी मोबाईलवर आणून दिलं, तेव्हा केवढी मिरवले होते! ज्या पोरांकडे फोन नाही, त्यांची नावं काकाच भराभर टाकतात. आज पाच टाकली आणि राहिलं फक्त शेवटचं. बाकीच्यांच्या जागा गेल्या. दहावीची प्रज्ञा जिन्यात बसून गणितं सोडवत होती.

"माझंच बोट चुकलं असेल गं," काका तिला म्हणाले.

बोट कसलं! तिथेच लॅपटॉप उघडला, तर दिसलंच. नवं क्लिक आलं की आधीची रिक्वेस्ट रद्द, असं मीच लिहिलंय. सर्चच्या कोडमधून जसंच्या तसं उचललेलं. सर्चला ते बरोबर, तिथे प्रत्येक अक्षर टाइप केलं की नवा शोध सुरू होतो आणि शेवटचंच उत्तर हवं असतं. पण इथे ती आधीची रिक्वेस्ट म्हणजे प्रज्ञा. एकामागून एक, रांगेत सोडायला हव्या होत्या. एका शब्दाचा बदल, तो गुपचूप केलाही.

मग काकांना का नाही सांगितलं? घामामुळे चुकतं म्हणून ते सारखं बोट शर्टाला पुसत होते. आणि मी? त्यांच्या शेजारी बसून त्यांना हळू दाबायला शिकवलं.