सुजाताचे दोन स्वर

रविवार संध्याकाळ, बारामती

डोकं अजून तापलेलंच आहे. गिटार स्पर्धेला आम्ही तीन परीक्षक होतो. पणदऱ्याच्या विक्रमने रॉक वाजवलं, भन्नाट वेगात. मग अंथुर्ण्याची सुजाता आली. आई भीमगीत गात होती, ही साथीला. आई श्वास घेई तेवढ्यात दोनच स्वर, की पुन्हा गप्प. अंगावर काटा आला.

शेजारचे परीक्षक तात्या म्हणाले, "बोटं पळालीच कुठं हिची? निम्मा वेळ गप्पच हाय."

"तात्या, साथ करतेय ती. बोटं काय शर्यतीचे बैल आहेत?"

"सर, भाषण नगं. गुण द्या."

तात्या आणि तिसरे परीक्षक, दोघांनी मिळून तिला विक्रमच्या मागे टाकलं. रॉकला वेग शोभतो, साथीला थांबणं. एवढं साधं मला पटवता येऊ नये?

निघताना सुजाताने विचारलं, "सर, आई गात हुती तवाबी वाजवाय पायजे होतं का?"

"अजिबात नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. सत्काराची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली.

तात्या धावले. "अवो, ती परीक्षकाची शाल हाय!"

"म्हणूनच दिली."

टाळ्या पडल्या. पण शालीने काय होतं? पुढच्या फेरीला पुण्याला विक्रमच जाणार. आणि माझ्या कानात तेच दोन स्वर.