बासरच्या पुढे

नांदेड,
२० नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांना,

शिल्पाचा नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत? तिने पाठवलेली चटणी पोचली. जर्मनीच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून पाच जानेवारीला हजर व्हायचं आहे. व्हिसाची तारीख मिळाली, फक्त विम्याचा कागद जोडायचा राहिला आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि ओसरीवर कोणी ना कोणी बसलेलं असतं. म्हणून पत्र आरतीजवळ देत आहे. ती शनिवारी घरी येईल.

तिथला विमा नोकरीवर रुजू झाल्यावर सुरू होतो. तोवरचा इथून काढायचा. तुम्ही म्हणालात, "परक्याकडं कशाला, रामलिंग विम्याचंच काम करतो, घरचा माणूस हाय." त्यांच्या भाच्याचं स्थळ आरतीला आलंय, म्हणून मीही गप्प बसले. रामलिंगकाका मंगळवारी होस्टेलवर आले. फॉर्म घरूनच भरून आणला होता. आजारांच्या सगळ्या रकान्यांत "नाही". म्हणाले, "तुमच्या घरी कोण बिमार पडतंय? कर सही, मला भोकरची गाडी गाठायचीय."

अकरावा रकाना फिटच्या झटक्यांचा होता.

अण्णा, मी सातवीत जाईपर्यंत आपण दर महिन्याला बासरला जायचो. गाव अजून म्हणतं, भुजंगरावांनी पोरीला सरस्वतीच्या पायावर घातलं, म्हणून घराण्यात ती पहिली शिकली. देवळात आपण दहा मिनिटं थांबायचो. मग पुढे निजामाबाद, डॉक्टर, महिनाभराच्या गोळ्या. त्या प्रसादाच्या पुडीत बांधून आणायचो. खोटं बोल, असं मला कधी कुणी म्हणालं नाही. "बासरला गेलतो" एवढंच सांगायचं, आणि ते खरंच असायचं.

शेवटचा झटका येऊन चौदा वर्षं झाली. भीती आजाराची नाही. वॉर्डात हाच प्रश्न मी रोज विचारते, आणि नातेवाईक पेशंटकडे न बघता "नाही" म्हणाले की मला राग येतो.

मी काकांचं "नाही" खोडून "होय" लिहिलं आणि सही केली. ते चष्मा काढून बघत राहिले.

"हे भुजंगला माहीत हाय का?"

"त्यांनीच मला बरं केलं," मी म्हणाले. ते चहा न घेता गेले.

विमा कंपनी आता जुने कागद मागते आहे. उशीर झाला तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. ते मी सोसेन. आरतीचं मात्र मला काही ठरवता येईना. काल तिला सगळं सांगितलं. ती हसली, "अक्का, लपवून लगीन जमलं तर तुझ्या गोळ्या मला जन्मभर खाव्या लागतील." सही करण्याआधी तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

रविवारी काका स्थळाचं बोलायला घरी येतील. त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा. स्थळ मोडलं तर दोष मला द्या, पण "पोरीनं चुकून लिहिलं" असं म्हणू नका. निजामाबादची फाइल कुठे ठेवली आहे ते फक्त तुम्हाला माहीत आहे. ती कुणाच्या हाती पाठवू नका. घेऊन स्वतः या. सोमवारी सकाळी मी स्टेशनवर उभी असेन.

आज्ञा मोडलेली, तरी तुमचीच,
शिल्पा